आजोबांचा वस्तरा आणि बाबासाहेबांचे ‘दुकान’

आमच्या वस्तीतल्या एका पोराने आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली. पेटीत जुने रेशनकार्ड, ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब लिहिलेली वही, बाबासाहेबांचा एक फोटो आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा निघाला. घडीचा, काळ्या मुठीचा, पात्यावर पुसट झालेली परदेशी अक्षरे. पोराने मोबाइलवर शोधले, तेव्हा त्याला कळले की अशा जुन्या वस्तऱ्यांचा शहरात शौक आहे. चांगल्या पगाराची माणसे ते विकत घेतात, धार लावायला शिकतात आणि ‘आजोबांसारखी दाढी’ म्हणून व्हिडिओ टाकतात. पोरगा वस्तरा घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, “दादा, मला बी शिकवा की. आज्यासारखी दाढी करायची.”

आम्ही शिकवली. पण पट्ट्यावर वस्तरा फिरवता फिरवता त्याला विचारले, “तुझ्या आज्याला हे कुणी शिकवलं? आन् का शिकावं लागलं?” त्याच्याकडे उत्तर नव्हते. गावात न्हावी होता, त्याचे दुकानही होते. मग ऊसतोड करणाऱ्या, दिवसभर कोयता चालवणाऱ्या माणसाला रात्री चिमणीच्या उजेडात स्वतःच्या गळ्यावर वस्तरा का चालवावा लागला? हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी हात कसा बसतो ते सांगतो, कारण आमच्या माणसांनी काय कमावले ते त्याशिवाय कळणार नाही.

वस्तरा म्हणजे उघडे पाते. सेफ्टी रेझरला असते तशी जाळी नाही, अडसर नाही. चूक झाली की रक्त. म्हणून पहिले काम धारेचे. दगडावर पाणी टाकायचे, पाते सपाट टेकवायचे आणि धार पुढे ठेवून ढकलायचे. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र उलटे असते. तिथे पात्याची पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला आल्यावर पाते पाठीवरून उलटायचे, धारेवरून उलटले तर पट्टा चिरतो आणि धारही जाते. दोन्ही बाजू सारख्या फिरवायच्या. मग दाढी गरम पाण्याने भिजवायची, साबणाचा फेस चांगला मुरू द्यायचा. एका हाताने कातडी ताणायची, दुसऱ्या हाताने पाते गालाशी साधारण तीस अंशाचा कोन करून धरायचे आणि केस ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने हलकेच ओढायचे. जोर लावायचा नाही. वस्तऱ्याचे वजन आणि धार पुरेशी असते. हनुवटी आणि गळा सगळ्यात शेवटी, कारण तिथे उंचवटे आहेत आणि केसांची दिशा बदलते. झाल्यावर ओली तुरटी फिरवायची, पाते कोरडे पुसायचे आणि तेलाचा हात लावून ठेवायचे, नाहीतर गंज धरतो.

पहिल्याच दिवशी पोराने गालावर दोन ठिकाणी कापून घेतले. शहरातला शौकीन माणूस कापून घेतो तेव्हा त्याला पर्याय असतो. दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावरच्या सलूनात जाऊन खुर्चीत बसू शकतो. पोराच्या आजोबाला ती खुर्ची नव्हती. त्यांच्या वस्तऱ्यात आणि शौकिनाच्या वस्तऱ्यात फरक एवढाच आहे, आणि तो फरक म्हणजेच आपला इतिहास.

बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजा वेगळा, राज्यभाषा वेगळी, पण गावगाडा तोच. बलुतेदारी तीच. न्हावी हा गावचा बलुतेदार होता. तो वर्षभर गावाची श्मश्रू करायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. महारही बलुतेदारच होता. मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोचवणे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणे, अशी सगळी कामे तो करायचा. गावाचे काम दोघेही करत. पण गावाने दोघांमध्ये एक रेघ मारलेली होती. न्ह्याव्याचा वस्तरा पाटलाच्या गालाला लागायचा, म्हणून तो महाराच्या, मांगाच्या, चांभाराच्या गालाला लागता कामा नये. गंमत अशी की म्हशी भादरल्याने वस्तरा बाटत नव्हता. जनावर चालत होते, माणूस चालत नव्हता. अस्पृश्यता घाणीमुळे आली, असे सांगणाऱ्यांनी या एका गोष्टीचे उत्तर द्यावे.

तेव्हा आमची माणसे एकमेकांचे न्हावी झाली. वस्तीत एखाद्याचा हात बसलेला असायचा. लग्न निघाले, लेकराचे जावळ काढायचे असले, कुणी पाहुण्याला जायचे असले की लोक त्याच्यासमोर उकिडवे बसायचे. बायकाही हे काम करायच्या. त्याला मोबदला नव्हता, मान होता. ही कला कुठल्या शाळेत शिकवली नाही, कुठल्या पुस्तकात आली नाही. नकारातून ती जन्मली.

आणि ती फक्त मराठवाड्यातल्या वस्तीची गोष्ट नाही. ती बाबासाहेबांच्या घरातलीही गोष्ट आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर लेखनात त्यांनी साताऱ्यातले बालपण सांगितले आहे. वडील लष्करातले निवृत्त सुभेदार. घरात पैसे देण्याची ऐपत होती. साताऱ्यात न्हाव्यांची कमतरता नव्हती. तरीही भावंडांचे केस कापण्याचे सगळे काम मोठी बहीण करायची आणि करून करून ती त्यात तरबेज झाली होती, असे बाबासाहेब लिहितात. त्यांनी रडगाणे गायलेले नाही. न्हावी होते, पैसे होते, तरीही बहिणीलाच कात्री धरावी लागली, एवढेच त्यांनी मांडले आहे. गरिबी हे कारण नव्हते, हे त्यात आपोआप येते. जात हे कारण होते.

आता इथे आमच्यातले काही तरुण चुकीच्या वळणावर जातात, म्हणून स्पष्ट बोलतो. हा इतिहास ऐकला की त्यांचा राग न्हाव्यावर निघतो. ‘न्हाव्याने आपल्याला नाकारले’ असे ते म्हणतात. भांडणात ‘ए हजाम’ अशी शिवीही सहज देतात. हे आंबेडकरी विचारात बसत नाही.

वस्तरा न्हाव्याच्या हातात होता, पण नकार त्याच्या एकट्याच्या हातात नव्हता. त्याचे वर्षाचे धान्य ज्यांच्या खळ्यावर होते, त्यांच्या मर्जीवर त्याची चूल होती. त्याने महारवाड्यात जाऊन दाढी केली असती, तर दुसऱ्या दिवशी गावाने त्याच्या हाताखाली मान दिली नसती. ही जुनी गोष्ट आहे असे वाटत असेल, तर अलीकडचे उदाहरण घ्या. २०२० साली कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातल्या नंजनगूड तालुक्यात हल्लारे गावी एका न्हाव्याने अनुसूचित जातीच्या लोकांचे केस कापले. गावातल्या वरचढ जातीच्या लोकांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला आणि ५० हजार रुपये दंड मागितला. दंड कुणाला? नकार देणाऱ्याला नाही, नकार न देणाऱ्याला. जातिव्यवस्था फक्त तळाच्या माणसाला बांधत नाही. तळाच्या माणसाशी कुणी माणसासारखे वागू नये, म्हणून ती मधल्या माणसालाही बांधून ठेवते. बाबासाहेबांनी जिला चढत्या क्रमाची विषमता म्हटले, ती हीच.

म्हणजे न्हाव्याला दोषमुक्त करायचे का? नाही. तोही माणूस आहे आणि माणसाला नकार देता येतो. हेही इतिहासातच आहे. १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवले की आम्ही विधवांचे केशवपन करणार नाही. त्यांच्या मागे उभे होते नारायण मेघाजी लोखंडे, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी आणि जोतीराव फुल्यांचे सहकारी. ब्राह्मण घरातल्या बालविधवेचे डोके भादरायला शास्त्र सांगत होते, घरचे पुरुष सांगत होते आणि वस्तरा शूद्राचा वापरला जात होता. त्या शूद्राने सांगितले, हा वस्तरा त्या कामाला मिळणार नाही. हे काम घरच्या सुधारकांकडून व्हायला हवे होते. ते केले ज्यांना लोक ‘हजाम’ म्हणून हिणवत होते त्यांनी.

दोन्ही नकार शेजारी ठेवून बघा. वस्तरा तोच, समाज तोच. एक नकार वरच्यांच्या हुकमाने दिलेला, खालच्या माणसाचा अपमान करणारा. दुसरा नकार वरच्यांच्या हुकमाविरुद्ध दिलेला, पिचलेल्या बाईची बाजू घेणारा. कारागिराला नकाराचा हक्क आहे का, हा खरा प्रश्नच नाही. नकार कुणाच्या बाजूने आहे, हा प्रश्न आहे.

आणि आपण तर बुद्धाच्या वाटेवर आहोत. उपाली कोण होता? शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र संघात दाखल व्हायला निघाले, तेव्हा उपालीही आला. आधी उपालीला प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल, असे त्या राजपुत्रांनीच म्हटले आणि तसेच झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय कुणी सांगितला? उपालीने. संघाच्या शिस्तीचा सर्वांत मोठा जाणकार एक न्हावी होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना बाबासाहेबांनी उपालीची ही गोष्ट आवर्जून घेतली आहे. भिक्खूने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंमध्ये चीवर आणि भिक्षापात्राबरोबर वस्तराही आहे. ज्या धम्मात वस्तऱ्याला आणि वस्तरा धरणाऱ्याला हे स्थान आहे, त्या धम्माचे लोक ‘हजाम’ ही शिवी देत असतील, तर दीक्षा अजून जिभेपर्यंत पोचलेली नाही असे आम्ही म्हणू.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाबासाहेबांच्या घरात बहीण केस कापत होती. पुढे बाबासाहेब बॅरिस्टर झाले. मुंबईतल्या सलूनात त्यांना कुणी अडवले नसते. स्वतःपुरता प्रश्न सुटला होता. पण त्यांनी तो तिथे सोडला नाही.

२९ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत मसुद्यातल्या कलम ९ वर चर्चा चालू होती. आजचे कलम १५ ते हेच. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही, असे ते कलम. ‘दुकान’ या शब्दात नेमके काय येते, अशी शंका सभागृहात निघाली. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. जिथे मालक येईल त्याला सेवा द्यायला तयार असतो, ते दुकान. त्यात धोबी येतो आणि दाढी-कटिंगचे सलूनही येते. आणि दुकानात नुसते आत जाऊ देणे एवढाच त्याचा अर्थ नाही, तर अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा हक्क असाही आहे.

साताऱ्यात बहिणीसमोर मान खाली घालून बसलेला मुलगा सत्तावन्नाव्या वर्षी देशाच्या सर्वोच्च सभेत उभा होता आणि ‘दुकान’ या एका शब्दात त्याने गावोगावची सलूने आणून बसवली. संविधान हे कुणाच्या तरी पुस्तकी ज्ञानातून उतरले, असे म्हणणाऱ्यांनी हा एक शब्द नीट वाचावा.

आपल्या बीडसाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. त्याआधी अडीच महिनेही पूर्ण झाले नव्हते, १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला होता. दिल्लीत ही चर्चा चालू होती, तेव्हा बीड लष्करी प्रशासनाखाली होते. तोपर्यंत इथला माणूस निजामाची रयत होता. २६ जानेवारी १९५० ला तो नागरिक झाला आणि न्हाव्याच्या दुकानाची पायरी पहिल्यांदा कायद्याने त्याची झाली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आपण ध्वजवंदनाला जातो, तेव्हा हा हिशेबही मनात असू द्या. निजाम गेला १७ सप्टेंबरला. गावगाडा गेला का?

१९५५ मध्ये अस्पृश्यतेचा कायदा आला. १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या कलम ६ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा स्पष्ट शब्दांत आला. त्याच दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचे जबरदस्तीने मुंडण करणे, मिशा काढणे हेही नाव घेऊन लिहिले गेले. म्हणजे वस्तरा नाकारणे आणि वस्तरा लादणे, हे दोन्ही आज गुन्हे आहेत. महाराष्ट्राचा स्वतःचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही २०१६ चा आहे.

तरी नकार संपला का? त्याने भाषा बदलली. आता कुणी ‘तुमची करत नाही’ असे म्हणत नाही. ‘आज कारागीर नाही’, ‘लाईट गेली’, ‘नंबर लई आहेत, उद्या या’ असे म्हणतात. आमच्या तालुक्यातल्या एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून वाद झाला, त्यानंतर आमच्या पोरांसाठी सलूनात रोजच ‘उद्या’ निघत होता. बहिष्कार कधी जाहीर होत नाही. आधी दळण थांबते, मग उधारी, मग शेतातले काम, मग कटिंग. सगळ्यात साधी, रोजची सेवा बंद पडते, म्हणून ती बारीक वाटते. ती बारीक नाही. आरशात स्वतःचे तोंड बघताना माणसाला त्याची जात आठवावी, एवढी ती मोठी आहे.

त्या वेळी वस्तीत बैठक झाली. काही जण म्हणाले, “कशाला त्यांच्या दारात जायचं? आपली पोरं शिकली आहेत, आपलं सलून टाकू.” हा विचार स्वाभिमानाचा वाटतो आणि त्यात खरेही आहे. आपल्या पोरांनी सलून जरूर टाकावे. हा धंदा कुणा एका जातीचा राहिलेला नाही आणि राहू नये. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल टाकले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे चहा प्यायला गेले आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावला. आपल्या माणसाचे दुकान असे सगळ्या गावाचे झाले पाहिजे.

पण आपले सलून आपल्यापुरते आणि त्यांचे त्यांच्यापुरते, असे झाले तर काय झाले? दोन पाणवठे झाले. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी लोकांना नवी विहीर खोदायला सांगितले नाही. ते चवदार तळ्यावर गेले. पाणी इतरत्रही मिळाले असते. प्रश्न पाण्याचा नव्हता, बरोबरीचा होता. तसाच इथे प्रश्न केसांचा नाही. दाढी आपण घरीही करू शकतो, आपल्या आज्या-पणज्याने ती पिढ्यान् पिढ्या केली. म्हणूनच ‘तुमचे तुम्ही करा’ हे वाक्य आपण हक्काच्या बदल्यात स्वीकारू नये. नाइलाजाने शिकलेल्या कलेला आपणच ‘आत्मनिर्भरता’ म्हणू लागलो, तर नाकारणाऱ्याचे काम सोपे होते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. आपल्या गावात सलूनात सगळ्यांना एकाच खुर्चीत, एकाच रांगेत, त्याच टॉवेलने सेवा मिळते का, हे जाऊन बघा. नकार मिळाला तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा. तक्रार करण्याआधी त्या कारागिराशी एकदा बसून बोला. त्याच्यावर कुणाचा दाब आहे ते समजून घ्या आणि दाब असेल तर तक्रार दाब टाकणाऱ्यावरही करा. नाभिक समाजातल्या तरुणांना उपालीबद्दल, १८९० च्या न्हाव्यांबद्दल सांगा. हा वारसा त्यांचाही आहे आणि तो त्यांना अनेकदा कुणी सांगितलेला नसतो. आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा की तुमची दाढी कोण करायचे. ती उत्तरे लिहून काढा. ती माणसे गेली की पेटीत फक्त वस्तरा उरेल आणि त्याला लोक जुनी शौकाची वस्तू म्हणतील.

तो पोरगा आता बरी दाढी करतो. गळ्याशी अजून हात थरथरतो. त्याला एक गोष्ट बजावून सांगितली आहे की वस्तरा स्वतःपुरताच वापरायचा. पूर्वी सगळ्या वस्तीत एकच वस्तरा फिरायचा, तेव्हा रक्तातून पसरणाऱ्या रोगांची माहिती नव्हती. आज आहे. सलूनातही नवी ब्लेड समोर लावून घ्यायची.

परवा आम्ही त्याला विचारले, “आता सलून बंद का?” तो म्हणाला, “न्हाई दादा. रविवारी घरी करतो, आज्याची आठवण म्हणून. महिन्याला गावातल्या दुकानात जाऊन बसतो. ती खुर्ची बी आपलीच हाय की.”

जय भीम!